जुनी तामागोची : घेण्याआधी आणि घेतल्यावर

(निवेदन)

[दृश्य : पुठ्ठ्यावर प्लास्टिकखाली बंद असलेलं खेळणं. कॅमेरा मागच्या बाजूला, सेलच्या कप्प्यातून बाहेर आलेल्या पट्टीवर.]

ही तामागोची, म्हणजे छोट्या पडद्यावर एक प्राणी पाळायचं खेळणं. मागची ही पातळ पट्टी ओढली की सेलचा संपर्क जुळतो आणि खेळणं सुरू होतं. इथे ती अजून जागेवर आहे, म्हणजे हा नग एकदाही चालू झालेला नाही. विकणारे अशा नगाला 'पाकीटबंद' म्हणतात आणि वापरलेल्या नगाच्या कितीतरी पट भाव सांगतात.

मात्र त्याच पट्टीच्या पलीकडे १९९७ सालचे दोन अल्कलाइन सेल बसलेले आहेत. तेव्हापासून त्यांना कोणी हात लावलेला नाही. अल्कलाइन सेल वापरा, नाहीतर ठेवून द्या, कधी ना कधी पाझरतोच. म्हणून पाकीटबंद नग घेणारा खरं तर पुठ्ठा आणि प्लास्टिक विकत घेत असतो. आतलं यंत्र शाबूत आहे की नाही, ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडलं की दिलेला जास्तीचा भाव बुडाला. आमचं मत विचाराल तर वापरलेला, पण सेल काढून ठेवलेला नग केव्हाही बरा.

[दृश्य : तीन बटणं, छोटा पडदा, साखळी.]

तामागोची २३ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीला आली. किंमत १,९८० येन. कंपनी बांदाई. कल्पना विझ या कंपनीच्या अकिहिरो योकोई यांची आणि बांदाईच्या आकी माइता यांची. पुढच्या मे महिन्यात ती अमेरिकेत पोचली आणि त्याच वर्षी या दोघांना अर्थशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं पारितोषिक, मिळालं : लोकांचे लक्षावधी तास नसलेल्या प्राण्यांच्या संगोपनात घालवल्याबद्दल!

आतलं यंत्र अगदी साधं आहे. एप्सनचा चार बिटांचा मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी चिप), घड्याळात असतो तसा ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल, आवाजासाठी पिझो चकती आणि ३२ उभ्या, १६ आडव्या रांगांतल्या ठिपक्यांचा एलसीडी पडदा. पडद्याच्या वर चार चिन्हं, खाली चार. त्यातली सात तुम्ही निवडायची. आठवं, लक्ष वेधणारं, आपोआप लागतं. डावं बटण चिन्ह निवडतं, मधलं हुकूम देतं, उजवं रद्द करतं.

पहिल्या दोन पिढ्यांना संग्राहक पी-वन आणि पी-टू म्हणतात. दोघींचं कवच सारखंच, त्यामुळे नुसत्या फोटोवरून फसायला होतं. ओळख पटते ती खेळावरून. पी-वनमध्ये प्राणी डावीकडे वळणार की उजवीकडे, ते ओळखायचं असतं. एका डावात पाच फेऱ्या, तीन बरोबर आल्या की जिंकलात. पी-टूमध्ये पुढचा आकडा मोठा येणार की लहान, ते सांगायचं. विकणाऱ्याकडे खेळाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागितला की प्रश्न मिटला.

यानंतरची जपानी मॉडेलं भराभर आली. देवदूत सांभाळायची तेन्शिची, जपानी सिनेमातल्या मोथ्रा राक्षसाची तामागोची, समुद्रातली, जंगलातली, आणि नर-मादी अशी ओसुची-मेसुचीची जोडी. ही जोडी एकमेकींना टेकवून जुळवायची असते, म्हणून एकटी ओसुची हा अर्धाच संग्रह. जून १९९७ मध्ये बांदाईनेच मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून डिजिटल मॉन्स्टर काढला. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन संपर्क असतात, त्यांनी दोन यंत्रं जोडून लढाई लावायची. जुन्या नगात हे संपर्क काळे पडलेले असतात आणि 'जोडणी बिघडली आहे' म्हणून तो नग स्वस्तात मिळतो. आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बुडवलेल्या कापसाच्या इअरबडने संपर्क पुसून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. अमेरिकेत टायगर कंपनीचे गिगा पेट्स आणि प्लेमेट्सचे नॅनो पेट्स त्याच सुमारास आले. त्यांचा संग्रह करणारे वेगळे आणि भावही बरेच कमी.

आता नकली नगांविषयी. '४९ इन १', '१६८ इन १' अशी नावं असलेली चिनी खेळणी जगभर विकली गेली, आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांतही आली. सुरू करताच कुत्रा, मांजर, डायनोसॉर यातून निवडायला सांगणारं खेळणं तामागोची नाही. खऱ्या पी-वनमध्ये फक्त अंडं दिसतं. दुसरा घोटाळा नव्या आवृत्तीचा. बांदाईने पहिल्या पिढ्या २०१८ च्या सुमारास पुन्हा बाजारात आणल्या आणि त्या जुन्या म्हणून खपवल्या जातात. मागच्या कवचावर कोरलेलं कंपनीचं नाव आणि साल स्पष्ट दिसेल असा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा.

[दृश्य : टेबलावर मल्टिमीटर, छोटा स्क्रू ड्रायव्हर, इअरबड, पांढरं व्हिनेगर, अल्कोहोलची बाटली.]

नग हातात आला की आधी सेलचा कप्पा उघडायचा. स्क्रू फुलीचा असतो, त्याला शून्य किंवा दुहेरी शून्य मापाचं टोक लागतं. मोठं टोक घातलं तर खाच झिजते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. स्क्रू गंजला असेल तर अल्कोहोलचा एक थेंब सोडून दहा मिनिटं थांबा, मग ड्रायव्हर आधी खाली दाबा आणि नंतर फिरवा.

आत पांढरी पूड किंवा हिरवट थर दिसला की सेल पाझरलेला आहे. बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेत त्याची पांढरी पूड होते आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. हे अल्कली आहे, म्हणून उतारा आम्लाचा : इअरबडवर थोडं पांढरं व्हिनेगर घ्यायचं आणि फक्त धातूच्या पट्ट्यांवर टेकवायचं. बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की डिस्टिल्ड पाण्याने ओला केलेला बड फिरवा, मग ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं अल्कोहोल, आणि नंतर पूर्ण वाळू द्या. बरेच जण व्हिनेगर लावून तिथेच थांबतात. मागे राहिलेलं आम्ल पट्टीवरचा निकेलचा मुलामा खातं आणि काही महिन्यांत पट्टी गंजते.

पट्ट्या चकचकीत झाल्या तरी काम झालंच असं नाही. पाझर सोल्डरच्या टाक्यापासून पीसीबीच्या, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाच्या, हिरव्या लेपाखाली शिरतो. लेप फुगलेला किंवा काळसर दिसला तर मल्टिमीटर 'बीप'वर लावून सेलच्या पट्टीपासून पुढच्या टाक्यापर्यंत तपासा. आवाज आला नाही तर वाट तुटली आहे. केसाएवढी एनॅमल तार दोन टोकांना सोल्डर केली की यंत्र चालू होतं. मात्र चिप बदलता येत नाही. ती काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली थेट बोर्डावर बसवलेली असते. ती गेली की त्या नगाचं कवच, बटणं आणि पडदा दुसऱ्यासाठी सुट्या भागांत काढून ठेवायचे.

नवे सेल घालताना पी-वन आणि पी-टूला एलआर ४४ असे दोन लागतात. घड्याळजीकडे हेच एजी १३ नावाने मिळतात. व्यास ११.६ मिलिमीटर, जाडी ५.४. त्याच मापाचा एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल महाग पडतो, पण शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि पाझरण्याचा धोका कमी. नेहमी चालू ठेवायच्या नगात हाच घाला. एक जुना आणि एक नवा असं कधीही करू नका. सेल उतरले की आधी आवाज दगा देतो : प्राणी हाक मारतो, पिझो वाजतो, त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि पडदा फिका होतो किंवा सगळं पुन्हा अंड्यापासून सुरू होतं. अनेक 'बिघडलेल्या' तामागोचींचं दुखणं एवढंच असतं.

[दृश्य : पेनाचं टोक मागच्या बारीक भोकात. पडद्यावर हलणारं अंडं.]

तपासणीची पद्धत अशी. सेल घाला, रिसेटचं बटण दाबा, अंडं दिसेल. घड्याळ लावा. पाच मिनिटांनी अंडं फुटतं, पिल्लू बाहेर येतं आणि आल्या आल्या भुकेची हाक मारतं. म्हणजे पिझो चालू आहे. तिन्ही बटणांनी जेवण देऊन पाहा. आणि मग दिव्याच्या चिन्हावर जाऊन दिवा बंद करा.

हे का, ते नीट बघण्यासारखं आहे. दिवा मालवला की अख्खा पडदा काळा होतो, म्हणजे ५१२ ठिपके एकदम उमटतात. एरवी पिल्लू पडद्याच्या थोड्याशा भागातच फिरतं, त्यामुळे कडेची मेलेली रेघ कित्येक दिवस लक्षात येत नाही. काळ्या पडद्यावर ती लगेच उठून दिसते. विकणाऱ्याकडेही हाच फोटो मागावा : दिवा बंद, पडदा समोरून.

रेघ गायब असेल तर दोष बहुधा काचेत नसतो, काच आणि बोर्ड यांच्या जोडणीत असतो. ही जोडणी दोन प्रकारची. एक झेब्रा पट्टी : रबरासारख्या सिलिकॉनची, वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आलटून पालटून असलेली, दाबानेच टिकणारी. दुसरी उष्णतेने चिकटवलेली चपटी रिबन. कवच उघडून आधी कोणती आहे ते पाहा. झेब्रा असेल तर पट्टी, काचेची कड आणि बोर्डावरचे संपर्क अल्कोहोलने पुसून परत बसवा आणि स्क्रू तिरकस जोडीने थोडे थोडे आवळा. एकच कोपरा घट्ट केला तर समोरच्या बाजूच्या रेघा जातात. फार आवळले तर प्लास्टिकचे खांब चिरतात, आणि चिरलेल्या खांबाला स्क्रू धरत नाही. रिबन असेल तर आधी बोटाने हलकेच दाबून बघा. रेघ परत येत असेल तर रिबनवर फोमचा पातळ तुकडा ठेवून कवच बंद करा. सोल्डरिंग गनची ऊब देऊन रिबन पुन्हा चिकटवणारे आहेत, पण थोडी जास्त ऊब लागली तर रिबन आकसते आणि मग काहीच उरत नाही. जपानी मॉडेलवर तो प्रयोग नको.

पडद्यावर तपकिरी डाग किंवा धूसरपणा आला असेल तर वरची पोलरायझरची (प्रकाश गाळणारी) फिल्म खराब झाली आहे. उष्णता आणि दमट हवा ही त्याची कारणं. कधी कधी उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. फिल्म प्लास्टिकच्या कार्डाने सोलून नवी लावता येते. मात्र नवी फिल्म काचेवर ठेवून आधी फिरवून बघायची. नव्वद अंश चुकली तर काळ्यावर पांढरं चित्र दिसतं. काहींना ते आवडतं, पण मग तो नग मूळचा राहिला नाही.

बटण दाबूनही हालचाल नसेल तर रबरामागची कार्बनची गोळी आणि बोर्डावरचे संपर्क पुसा, टीव्हीच्या रिमोटचं करतात तसंच. कार्बन खरवडू नका.

पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या कवचाबद्दल एक इशारा. केस रंगवणाऱ्यांकडचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, लावून उन्हात ठेवलं की कवच उजळतं, हे खरं. पण थर असमान बसला तर पांढरे ओघळ कायमचे उठतात, छापलेली नक्षी फिकट होते, आणि पिवळेपणा काही काळाने परत येऊ शकतो. नक्षी असलेल्या कवचावर हे करू नये. साधा साबण, पाणी आणि मऊ ब्रश बस.

[दृश्य : मोठा होत जाणारा प्राणी.]

चालवण्याचं गणितही माहीत हवं, कारण पूर्ण वाढ बघितल्याशिवाय नग पारखला असं म्हणता येत नाही. भूक आणि आनंद यांची प्रत्येकी चार बदामं असतात. जेवणाने भुकेचं एक बदाम भरतं, खाऊने आनंदाचं, पण खाऊने वजन जास्त वाढतं. पिल्लू साधारण तासाभरात मारुची या पुढच्या रूपात जातं. एक दिवस म्हणजे त्याचं एक वर्ष. हाक मारल्यावर पाव तास दुर्लक्ष झालं की चूक मोजली जाते. चुका कमी आणि शिस्तीची पट्टी पूर्ण भरलेली, तर मोठेपणी मामेची हा चांगला प्राणी मिळतो. हयगय केली तर ताराकोची. ओयाजिची हा गुप्त प्राणी जपानी पी-वनमध्ये आहे. अमेरिकी आवृत्तीत त्याच्या जागी बिल नावाचा दुसरा प्राणी येतो. शेवटही वेगळा : जपानीत थडगं आणि भूत, इंग्रजीत देवदूत.

कामावर जाताना वेळ थांबवायची असेल तर मधल्या बटणाने घड्याळ आणा आणि डावं-उजवं एकदम दाबून वेळ लावण्याच्या पडद्यावर ठेवून द्या. सेल काढून थांबवता येत नाही. पी-वनमध्ये आठवण साठवायची सोय नाही, सेल निघाला की प्राणी गेला.

ठेवताना सेल बाहेर, झाकणाचा स्क्रू जागेवर, आणि साखळी काढून वेगळ्या पुडीत. गंजलेली साखळी कवचावर डाग पाडते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. त्यातलं तेलकट द्रव्य प्लास्टिकला चिकटवून टाकतं. झिप असलेली पॉलिथिनची पिशवी चालते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर जूनच्या आधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा आणि काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की पुड्या बदला. पावसाळा संपला की प्रत्येक नग काढा, सेल घाला, दिवा बंद करून पडदा बघा आणि तारीख पिशवीवर लिहून ठेवा.