ओहोटीची वेळ आणि ओढीची जागा

मंडळी, सुट्टी लागली की तुमच्यातली बरीच कुटुंबं घाट उतरून कोकणात जाणार. कुणी अलिबाग-काशीदला, कुणी गणपतीपुळ्याला, कुणी थेट गोव्याला. तिथे किनाऱ्यावर सरकारी पाटी असते: समुद्रात पोहणे धोकादायक आहे. पाटी खरंच सांगते. पण धोका नेमका कुठे, किती वाजता आणि कशामुळे, हे ती सांगत नाही. समोर तर गुडघाभर पाण्यात शंभर माणसं हसत-खेळत असतात, मग पाटीवर विश्वास बसणार कसा? ते राहिलेलं सांगायला मी आज उभा आहे.

आपण घाटावरची माणसं विहिरीत, नदीत पोहायला शिकलेली. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि नदीचं पाणी एकाच दिशेने जातं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबई-अलिबागच्या बाजूला भरती साधारण बाराच्या सुमारास असते, अष्टमीला सहाच्या सुमारास. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच, तेव्हा निघण्यापूर्वीच अंदाज बांधता येतो. नेमकी वेळ मात्र किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारा. काका, आज सुकती (म्हणजे ओहोटी) किती वाजता, एवढंच विचारायचं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. पण परतायची वेळ न विचारता गेलेली कुटुंबं तिथे अडकतात आणि लेकरं कडेवर घेऊन छातीभर पाण्यातून यायला निघतात. तसं कधीही करू नका. किल्ल्यावरच थांबा, पुढची ओहोटी येते.

भरतीनंतर पाणी उतरताना सुरुवातीला संथ असतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सर्वांत वेगाने मागे जातं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे हा जोर फार असतो. म्हणून खाडीच्या मुखाशी, वाळू कितीही सुंदर दिसो, मुलांना पाण्यात उतरवू नका.

आता ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन बांधांमध्ये खोलगट जागा सापडली की तिथूनच ते जोराने बाहेर धावतं. यालाच रिप करंट म्हणतात. फसवं असं की त्या जागी लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा. आई-वडील शहाणपणाने तीच शांत जागा लेकरांसाठी निवडतात! माझ्या मते आपल्या प्रत्येक पाटीवर या पट्ट्याचं चित्र असायला हवं. हजार शब्दांच्या सूचनेपेक्षा त्याचा उपयोग होईल.

ही ओढ माणसाला तळाशी नेत नाही, किनाऱ्यापासून दूर नेते. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झुंजू नका. चांगला पोहणाराही त्यात दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो. उताणे तरंगा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. पट्टा अरुंद असतो. बाहेर आलात की फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने परत या.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा, पावसाळा नव्हे. तेव्हा ‘पावसाळ्यात जपायचं, एरवी काही नाही’ ही समजूत मनातून काढून टाका.

गोव्यात बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा त्यांनी पोहण्यासाठी ठरवलेली असते. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. संध्याकाळी ते निघून गेले की तुम्हीही बाहेर या. कोकणात असे झेंडे क्वचित दिसतात, त्यामुळे जबाबदारी तुमचीच.

आणि आयांनो, आज्यांनो, मामा-काकांनो, एक कळकळीने सांगतो. लहान मूल बुडताना ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर आलेलं असतं, श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारणार? पंधरा नातेवाईक काठावर असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय. एकाला नाव घेऊन काम द्या. त्याने फोन खिशात ठेवायचा, दारू प्यायलेली नसावी, आणि थोड्या वेळाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. लहानग्यापासून हातभर अंतराच्या पलीकडे जायचं नाही. हवेची रबरी चाकं सकाळी तर आणूच नका. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि चाकासकट मूल बघता बघता आत जातं.

कुणी बुडत असेल तर रिकाम्या हाताने मागे धावू नका. एकाच घरातले दोघे-तिघे जातात ते बहुतेक वेळा असेच. आधी ओरडून माणसं गोळा करा, ११२ ला फोन लावा, आणि तरंगेल ते फेका: झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, थर्माकोलचा डबा, गाडीतली दोरी, तीही नसेल तर साडी किंवा ओढणी.

बाहेर काढल्यावर त्याला गोल फिरवू नका, पालथं घालून पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. सपाट जागी उताणं झोपवा. श्वास नसेल तर मान किंचित मागे, नाक बंद, तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत न थांबता. रुग्णवाहिकेसाठी १०८. तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. पाण्याखाली साधारण किती वेळ होता आणि श्वास कधी परत आला, हे पाहणाऱ्याने डॉक्टरांना सोबत जाऊन सांगायचं.