टोपली उचलण्याआधी

[पहाट. ओली वाळू. पाण्यातून वर आलेला आणि पुन्हा पाण्यात गेलेला रुंद माग.]

पहिल्या नजरेला हा ट्रॅक्टरच्या चाकाचा माग वाटतो. नीट पाहिलं की कळतं, डाव्या-उजव्या बाजूचे ठसे समोरासमोर नाहीत, आळीपाळीनं पडलेत. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अशीच चालते. पस्तीस-चाळीस किलोचं अंग वाळूवरून ओढत ती रात्री वर आली, भरतीच्या रेषेपलीकडे खळगा केला, शंभराच्या आसपास अंडी घातली, वाळू लोटली आणि गेली. पिल्लांशी तिचा संबंध इथेच संपला.

हे वेळास. रत्नागिरी जिल्हा, तालुका मंडणगड. नोव्हेंबर ते मार्च हा इथला अंडी घालण्याचा हंगाम. ओडिशाच्या गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्येला हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. कोकणात तसं होत नाही. इथे एखाद्या रात्री एखादीच येते, आणि तिचा माग उन्हानं, वाऱ्यानं, माणसांच्या पावलांनी पुसला जाण्याआधी शोधावा लागतो.

[कासवमित्र काठीनं वाळू चाचपतो.]

म्हणून कासवमित्राची, म्हणजे घरटी शोधून राखणाऱ्या माणसाची, फेरी उजाडायच्या आत सुरू होते. माग दिसला की त्याच्या टोकाशी वाळू चाचपायची. आजूबाजूची वाळू घट्ट लागते, खळग्यावरची भुसभुशीत. काठी हळू, तिरकी घालायची. जोर लावला तर एखादं अंडं फुटतं, आणि नुकसान त्या एका अंड्यावर थांबत नाही. फुटलेल्या अंड्याला मुंग्या लागतात, बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांत पसरते. कधी माग असतो, पण खळगाच नसतो. मादी वर आली आणि अंडी न घालता परत गेली. वाटेत दिवा दिसला, माणसं दिसली, सुरूच्या मुळांनी वाळू खणू दिली नाही, यांतलं काहीतरी झालेलं असतं.

घरटं सुरक्षित जागी असेल तर ते तिथेच ठेवून भोवती जाळी लावणं सगळ्यांत चांगलं. पण भरतीचं पाणी पोचणार असेल, कुत्री-कोल्ह्यांचा वावर असेल, चोरीची भीती असेल, तर अंडी हॅचरीत, म्हणजे ती उबण्यासाठी राखलेल्या कुंपणाच्या जागेत, न्यावी लागतात. इथे घड्याळ महत्त्वाचं. अंडी घातल्यापासून पहिल्या काही तासांतच ती हलवता येतात. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. तेव्हा अंडं उलटंपालटं झालं की गर्भ मरतो, आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अंडी त्याच घरट्यातल्या वाळूसकट, न फिरवता उचलतात. मूळ खळग्याची खोली आणि रुंदी मोजतात. हॅचरीत तसाच दुसरा खणतात, साधारण दीड फूट खोल, मान अरुंद आणि तळ रुंद, सुरईसारखा. वर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या, घरट्याचा क्रमांक.

आता वाळूच्या आतलं तापमान काम करतं. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यात आधी ठरलेलं नसतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास तराजू असतो. त्याहून गार वाळूत नर जास्त, त्याहून तापलेल्या वाळूत माद्या जास्त, आणि फारच तापली तर पिल्लं आतच मरतात. मार्चच्या उन्हात हॅचरीवर हिरवी शेडनेट दिसते, ती यासाठी. पर्यटकांच्या सावलीसाठी ती नसते, हे सांगावं लागतं कारण माणसं तिच्याखाली येऊन उभी राहतात.

[हॅचरी. प्रत्येक खळग्यावर पालथी घातलेली बांबूची टोपली.]

पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. दिवस भरत आले की खळग्यावर टोपली पालथी घालतात. पिल्लं वर आली तर इकडेतिकडे पांगत नाहीत, आणि कावळ्या-घारींच्या हाती लागत नाहीत. पाटीवरची तारीख आणि ४५ ते ६० हा आकडा, यावरून कोणती टोपली कधी भरेल याचा अंदाज बांधतात. पंधरा दिवसांची ही फट लक्षात ठेवा. थंडी लांबली की वाळू गार राहते आणि पिल्लंही लांबतात. एप्रिल जवळ आला की उलट, ती लवकर निघतात. जाहीर झालेली तारीख हा अंदाज असतो, नाटकाचं तिकीट नव्हे.

वेळासला पिल्लं समुद्रात सोडण्याच्या वेळा दोन, सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्यामुळे हिशेब सोपा आहे. शनिवारी दुपारी पोचून रविवारी सकाळी निघणाऱ्याला दोन संधी मिळतात. दोन रात्री राहणाऱ्याला चार. एकाच दिवसात जाऊन येणाऱ्याला एक, तीही धावपळीची. चारही वेळा टोपली रिकामी निघू शकते. हे मान्य नसेल तर हा प्रवास करू नये, कारण "आम्ही एवढ्या लांबून आलोय" हे वाक्य ऐकून पिल्लं वर येत नाहीत. येतं ते फक्त आयोजकांवर दडपण.

त्या दडपणापोटी काय होतं, ते बघायला थोडं दक्षिणेला जाऊ.

[निळ्या सिमेंटच्या टाकीत पोहणारी पिल्लं.]

श्रीलंकेचा नैऋत्य किनारा. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत बेंतोटा-कोसगोडाच्या बाजूला 'टर्टल हॅचरी' हा तासाभराचा थांबा असतो. बस दुपारी पोचते. दुपारी पिल्लं वाळूतून निघत नाहीत, पण पाहुण्यांना तर दाखवायची आहेत. म्हणून काल-परवा निघालेली पिल्लं टाकीत ठेवलेली असतात.

यात बिघडतं काय? वाळूतून वर आलेलं पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं. पोटात अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा, तेवढीच त्याची शिदोरी. पहिलं साधारण एक दिवस-रात्र ते जवळजवळ न थांबता पोहतं. किनाऱ्यालगतच्या पाण्यात मासे, खेकडे, पक्षी असतात. तो पट्टा शक्य तितक्या लवकर ओलांडणं हाच त्या धडपडीचा उपयोग. टाकीतही पिल्लू तसंच पोहतं, भिंतीवर आपटत. शिदोरी तिथेच संपते. मग दोन-तीन दिवसांनी ते समुद्रात सोडलं की हळू पोहतं आणि नेमकं धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळतं. शिवाय दाटीत पिल्लं एकमेकांना चावतात, जखमा चिघळतात. टाकी म्हणजे दवाखाना, असं सांगणारेही भेटतात. जखमी मोठ्या कासवासाठी ते खरं असू शकतं. धडधाकट पिल्लाला दवाखान्याची गरज नसते.

ओळखायच्या खुणा अशा. पिल्लं टाकीत आहेत. भर उन्हात सोडतात. पैसे भरले की एक पिल्लू तुमच्या तळहातावर देतात, फोटोसाठी. रोज त्याच जागी, त्याच वेळेला सोडतात. ही शेवटची खूण लोकांच्या लक्षात येत नाही. रोज एका ठिकाणी खाऊ मिळतो हे माशांना आणि पक्ष्यांनाही कळतं. जागा पन्नास-शंभर मीटरनं बदलत राहणं हे साधं काम, पण खुर्च्या मांडलेल्या असतील तर कोण बदलणार! बालीला 'टर्टल आयलंड' म्हणून नेतात, तिथे मोठी हिरवी कासवं (ग्रीन टर्टल ही जात) हातात उचलून फोटो काढू देतात. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. सहलीच्या एजंटला तो थांबा गाळायला सांगा. चार कुटुंबांनी सांगितलं तरी पुढच्या वेळी कार्यक्रम बदलतो.

[रात्र. काळोख. लांबवर लाल दिव्याचा ठिपका.]

याच्या दुसऱ्या टोकाला कोस्टा रिकातलं तोर्तुगेरो. कॅरिबियन किनारा, १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान. जुलै ते ऑक्टोबर इथे हिरवी कासवं अंडी घालतात, आणि पर्यटकाला रात्री, दोन तासांसाठी, प्रशिक्षित वाटाड्याबरोबरच किनाऱ्यावर जाता येतं. एका वाटाड्यामागे जास्तीत जास्त दहा माणसं. कपडे गडद. कॅमेरा नाही, मोबाइल नाही, स्वतःची बॅटरी नाही. पूर्वी हे गट मादी शोधत किनाऱ्यावर फिरत, आणि शोधता शोधता कित्येक माद्यांना बिचकवून परत पाठवत. आता पाहणी करणारी वेगळी माणसं किनाऱ्यावर असतात, गट झाडीमागे थांबतो, आणि मादीनं अंडी घालायला सुरुवात केली की मगच निरोप येतो. त्या टप्प्यावर ती सहसा अंडी घालणं सोडून जात नाही. वर चढताना किंवा खणताना मात्र जराशा हालचालीनं ती माघारी फिरते. बघायला मागच्या बाजूनं जायचं, तिच्या डोळ्यांसमोर यायचं नाही.

आणि नियम सैल झाले की काय होतं, तेही याच देशानं बघितलंय. पॅसिफिक बाजूच्या ओस्तिओनालला २०१५ च्या सप्टेंबरात ऑलिव्ह रिडले मोठ्या संख्येनं आल्या आणि पर्यटकही त्याच वेळी शेकड्यांनी वाळूत उतरले. वाट अडल्यामुळे कित्येक माद्या अंडी न घालताच पाण्यात परतल्या.

[वेळासची वाडी. अंगण, नारळाची झापं, तुळस.]

वेळासची जमेची बाजू अशी की मुक्काम गावातल्या घरांत आहे, वाळूवर नाही. २००२ साली चिपळूणच्या भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे काम सुरू केलं, तेव्हा अंडी खणून नेली जात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावात राहू लागले, आणि घरटं टिकण्यात घराघराचा फायदा दिसू लागला. किनाऱ्यालगत हॉटेलांची रांग नसल्यामुळे किनारा अंधारात राहिला. हा अंधारच पिल्लांच्या कामाचा, कारण पिल्लू क्षितिजाजवळ जिथे जास्त उजेड तिकडे जातं. काळोख्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो. हॉटेलचा दिवा लागला की पिल्लू उलट दिशेनं, रस्त्याकडे चालू लागतं.

जायचं कसं? हरिहरेश्वरहून बागमांडल्याला या, तिथून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरा. गाडीही बोटीत चढते. एसटीनं मंडणगडमार्गेही येता येतं. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या. शिमग्याच्या दिवसांत घरं पालखीत गुंतलेली असतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. घरगुती मुक्काम म्हणजे खोलीत चार-सहा गाद्या, जेवायला घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आगाऊ सांगितलं तर उकडीचे मोदक. किती पानं मांडायची ते आदल्या दिवशी सांगायचं, आणि यायचं रद्द झालं तर तेही. नारळ खवून झाल्यावर आलेला नकार घरातल्या बाईला महागात पडतो. मार्चमध्ये विहिरी खाली जाऊ लागतात, म्हणून आंघोळीला एक बादली. इथे शहरासारखी रोज दारात कचरागाडी येत नाही. मागे राहिलेलं प्लास्टिक एक तर जळतं, नाही तर वाऱ्यानं खाडीत जातं. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे डायपर पिशवीत घालून परत न्या.

गाडी वाळूवर नेऊ नका. वजनानं वाळू दबते आणि खालचं घरटं दबतं. चाकाची चाकोरी पिल्लाला खंदकासारखी असते. त्यात पडलेलं पिल्लू बाहेर चढू शकत नाही, समुद्राला समांतर चालत राहतं आणि तिथेच थकतं. माणसाचं मऊ वाळूतलं पाऊलही चार-पाच सेंटिमीटर खोल जातं, म्हणजे पिल्लाएवढा खड्डा. म्हणून सोडण्याआधी पाण्यापर्यंतचा पट्टा सपाट करून घेणं गरजेचं, आणि दोरीच्या अलीकडे राहायला सांगतात ते उगाच नाही. मुलांनी वाळूचे किल्ले केले असतील तर निघताना बुजवा.

फ्लॅश बंद. मोबाइलमध्ये तो आपोआप लागतो, म्हणून दोरीपाशी येण्याआधीच सेटिंग बघा. ड्रोन नको. हात लावायचा नाही, कारण सनस्क्रीन आणि डासांचं मलम हाताला असतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पिल्लू उलटलं तरी कासवमित्राला हाक मारा, स्वतः उचलू नका. पिल्लं थेट पाण्यात सोडण्यापेक्षा काही मीटर अलीकडे ठेवून चालू देणं योग्य. तेवढ्या चालीत त्यांना दिशा सापडते.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळा ही वेळासचीही तडजोड आहे. पिल्लं मुख्यतः वाळू गार झाल्यावर, रात्री निघतात. अकराला वर आलेलं पिल्लू सातपर्यंत टोपलीखाली धडपडत राहिलं, तर टाकीत जे होतं त्यातलं थोडं इथेही होतं. उपाय अवघड नाही. रात्री टोपल्या तपासायच्या, निघालेली पिल्लं तेव्हाच सोडायची, आणि पाहुण्यांना सकाळी रिकामी टोपली दाखवायची. रात्री किती वेळा तपासता, हा प्रश्न आयोजकांना जरूर विचारा. ज्या किनाऱ्यावर त्याचं उत्तर मिळतं, मग तो अंजर्ल्याचा असो की गोव्यातल्या मोरजी-गालजीबागचा, तिथे जायला हरकत नाही.

[सकाळ. टोपली उचलतात. खाली वाळू थोडी खचलेली, पिल्लू एकही नाही.]

वाळू खचली आहे, म्हणजे खाली हालचाल सुरू झाली. पिल्लं कवच फोडून खालीच असतात, एकमेकांच्या धडपडीनं वाळू पाडत सगळी मिळून वर सरकतात. त्याला काही दिवस लागतात. गर्दीतून कोणीतरी विचारतं, जरा उकरून बघायचं का? कासवमित्र मान हलवतो, टोपली पुन्हा पालथी घालतो आणि वहीत लिहितो: घरटं क्रमांक, तारीख, वेळ, पिल्लं शून्य.