मधली 23 वर्षं

बारावी सायन्सची माझी मार्कशीट 1999 ची आहे आणि कॉलेजची अॅडमिशन 2022 ची, म्हणजे मध्ये 23 वर्षं. ह्या मधल्या वर्षांसाठी गॅप अॅफिडेव्हिट द्यावं लागतं, एवढी वर्षं मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात शिकत नव्हते असं लिहून द्यायचं. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म बघितला आणि म्हणाला, मॅडम, मुलीचा फॉर्म आहे का? मी म्हटलं माझाच आहे. त्याने तो बाजूला ठेवला आणि मागच्यांना पुढे बोलावलं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, खरंच रडले.

आणि अडलं कुठे तर नावावर. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दोन्ही नावं माझीच हे दाखवायला लग्नाचं सर्टिफिकेट हवं, आणि लग्नाची नोंदणी आम्ही कधी केलेलीच नव्हती, 2001 साली कोण करत होतं आमच्याकडे. मग वीस वर्षांनी आम्ही दोघं नोंदणीला गेलो, तीन साक्षीदार घेऊन, जुन्या अल्बममधला फोटो आणि लग्नपत्रिका शोधून, पत्रिका सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवली होती म्हणून मिळाली. इथे बसलेल्या कितीतरी जणींचं शिक्षण ह्याच एका कागदापाशी थांबतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

बीएस्सी होम सायन्स, पुढे विषय फूड अँड न्यूट्रिशन. वर्गातल्या मुली अठरा वर्षांच्या, माझा मुलगा तेव्हा अकरावीला. स्वयंपाकाची मला भीती नव्हती, भीती होती बायोकेमिस्ट्रीची. क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीत अन्नापासून ऊर्जा कशी होते त्याचं चक्र, तीनदा पाठ केलं आणि तीनदा विसरले. मग वर्गातल्या एका मुलीने मला कँटीनच्या टेबलावर खडूने गोल काढून समजावलं, काकू पाठ नका करू, साखरेतला कार्बन कुठे जातो तेवढं बोटाने फिरवत जा. तसं फिरवलं आणि आलं. तिला नाचणीची भाकरी जमत नव्हती, सारखी चिरायची, तिला मी उकड काढून पीठ मळायला दाखवलं. पुढची तीन वर्षं आमचं असंच चाललं.

त्या दिवसांत मी शास्त्रज्ञ कमला सोहोनींबद्दल वाचलं. 1933 साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता, नाकारणारे सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच, आणि 1939 ला केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि मग मुंबईत काम केलं, नीरेवर, डाळींवर, म्हणजे गरीब माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोष्टींवर. मराठी घरातली ही बाई आम्हाला शाळेत कोणी सांगितली नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

पण कॉलेजने मला खरं काय दिलं असेल तर वजनकाटा. वीस वर्षं मी अंदाजाने वाढत होते, मूठभर, चमचाभर, पळीभर. तिथे पहिल्या प्रॅक्टिकललाच कच्ची डाळ 30 ग्रॅम मोजायची, शिजवायची, मग वाटीत ओतून बघायचं. घट्ट वरण आणि पातळ आमटी, वाटी तीच पण आत जाणारी डाळ निम्म्याहून कमी! हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं, पण डोळ्याने बघितल्यावर कळलं की माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी असाइनमेंट होती, घरातल्या एका माणसाचा तीन दिवसांचा आहार लिहून काढायचा. मी सासूबाईंना घेतलं, वय 68, वजन 52 किलो. त्यांना विचारलं आई काल काय खाल्लं, तर म्हणाल्या सगळं खाल्लं. आमच्या सरांनी शिकवलं होतं की असं विचारायचंच नाही, उठल्यापासून सुरू करायचं, चहा किती वाजता, कप की पेला, सोबत काय, मग त्यानंतर काय, आणि समोर वाट्या-चमचे ठेवायचे म्हणजे माणूस बोटाने दाखवतो. तसं विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. चहाबरोबर खारी, दुपारी मऊ भात आणि आमटीवरचं पाणी, रात्री भूक नाही म्हणून कपभर दूध. पोळी नाही, उसळ नाही. हिशोब केला, दिवसाला प्रोटीन आलं 28 ग्रॅम. वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम धरलं तर त्यांना 43 लागत होतं. मी विचारलं आई उसळ का नाही खात, तर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, दोन वर्षं झाली, कवळी सैल झालीय गं, चावताना निघते, तुम्हाला कशाला खर्चात पाडू.

दोन वर्षं. रोज त्यांचं ताट मी वाढत होते आणि मला दोन वर्षं कळलं नव्हतं. त्याच आठवड्यात नवीन कवळीचं माप दिलं, तोवर मूगडाळीचं घट्ट धिरडं, दह्यात कालवलेली भाकरी, अंडं असं सुरू केलं.

मग स्वतःचं लिहिलं. सगळ्यात शेवटी जेवणारी मी, पातेल्यात उरलेलं खाणारी, आणि जेवण झालं की लगेच चहा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व उलट मदत करतं, पोह्यांवर लिंबू पिळायचं ते माझी आई नुसतं चवीसाठी म्हणायची. मटकीला मोड आणले की त्यातलं फायटेट, म्हणजे लोहाला अडवणारं द्रव्य, कमी होतं, तेही लोहाच्याच फायद्याचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांचं रक्त कमी निघालंय. तपासलं तर मीही त्यातलीच. आता आमच्याकडे सगळे एकदम बसतो आणि चहा तासाभराने. हा बदल घरात सोपा गेला नाही, दोन महिने कुरकुर होती, पण टिकला.

ज्यांना रोज कॉलेजला जाणं शक्य नाही त्यांनी इग्नूचं, म्हणजे घरून शिकता येणाऱ्या मुक्त विद्यापीठाचं, बघा. अन्न आणि पोषणाचं सर्टिफिकेट आहे, आणि बारावी झालेली असेल तर न्यूट्रिशन अँड हेल्थ एज्युकेशनचा डिप्लोमा. पण तेवढ्यावर डायटिशियन म्हणून बोर्ड लावू नका, कळकळीने सांगते. किडनीच्या किंवा इन्सुलिनवरच्या माणसाचं जेवण बदलणं ही खूप मोठी जबाबदारी आहे, त्याला पुढचं शिक्षण आणि हॉस्पिटलमधली इंटर्नशिप लागते, मी स्वतः अजून ते करतेय. पंधरा दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर पेशंट घेणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यात खरोखर माणसं आजारी पडतात.

बरं, ज्यांच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे त्या जरा थांबा. माझी फाइल मी सोबत आणलीय, कुठला कागद आधी काढायचा आणि कुठला नंतर ते एकेकीला दाखवते.