घोडा काय म्हणाला?

(नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जगातल्या नव्या चित्रकादंबऱ्या आणि कॉमिक्स’, आणि माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठ चित्रकार’. दुसरी चूक आधी दुरुस्त करतो. मी चित्रकार नाही, पेंटर आहे. चित्रकाराला सही करायची सवय असते, पेंटरला उधारी मागायची. चाळीस वर्षं या शहरात पाट्या रंगवल्या. इतवारीतली किराणा दुकानं, गांधीबागेतली कापडाची दुकानं, धरमपेठेतले दवाखाने, ट्रकच्या मागचं ‘बुरी नजरवाले’, सगळं. मग फ्लेक्स आला आणि आमचा ब्रश वाळला. तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, नुसते बसून राहू नका, वाचा. तिनं एक इंग्रजी कॉमिक हातात दिलं. माझं इंग्रजी पाटीपुरतं. ‘नो पार्किंग’च्या पुढे मला डिक्शनरी लागते. त्यामुळे गोष्ट कळायच्या आधी मी अक्षरं पाहिली, आणि तिथेच अडकलो. अजून सुटलो नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॉमिकमध्ये अक्षर हेसुद्धा चित्रच असतं. आपण चित्र बघतो आणि अक्षर वाचतो, म्हणजे अर्धंच पुस्तक बघतो. हे तुमच्या गळी उतरवूनच मी बसणार आहे. समोरचे काका मान हलवून राहिले, पण ती होकाराची आहे की झोपेची, ते पुढे कळेल.

हे आपल्याला नवीन आहे का? तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, सोबत बडगे, म्हणजे गावाला छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे, निघतात. बडग्याच्या गळ्यात पाटी असते. ती काढून घ्या, मागे उरतो बांबू-कागदाचा एक ढेरपोट्या पुतळा. लावा, की अख्ख्या चौकाला कळतं हा कोण आणि याला गावाबाहेर का नेऊन राहिले. मी कित्येक वर्षं त्या पाट्या लिहिल्या. भ्रष्टाचाराची पाटी मी लठ्ठ अक्षरांत लिहायचो, एकेका अक्षराचं पोट सुटलेलं. महागाईची उंच, चिंचोळी, मान वर करून बघावी लागेल अशी. लोक आधी हसायचे, मग वाचायचे. एवढं ज्याला समजलं त्याला कॉमिक समजलं.

आता घोड्याची गोष्ट सांगतो. संयोजक ताई घड्याळाकडे बघून राहिल्या, पण ही सांगितल्याशिवाय पुढचं जमणार नाही.

गोष्ट १९८६च्या आसपासची. एक छापखानेवाले होते, नाव सांगत नाही, त्यांची मुलं सज्जन आहेत. त्यांच्या डोक्यात आलं की मराठीत कॉमिक काढायचं. कुठलं तरी विलायती साहसाचं कॉमिक त्यांनी पैदा केलं. परवानगीचं विचारू नका, तेव्हा तशी रीत नव्हती. एका मास्तरांकडून भाषांतर करून घेतलं आणि मला बोलावलं. काम असं की पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या बोलण्याच्या फुग्यातलं इंग्रजी पांढऱ्या पोस्टर कलरनं मारायचं आणि वर बारीक ब्रशनं मराठी लिहायचं. दर अक्षरामागे पाच पैसे.

पहिलं भांडण दरावरून. जोडाक्षर एक धरायचं की दोन? मी म्हटलं, ‘स्त्री’मध्ये स आहे, त आहे, र आहे, वर दीर्घ वेलांटी. ते म्हणाले, “भाऊ, उच्चार एकच आहे नं? मग पैसे एकाचेच.” रफार फुकट, अनुस्वार फुकट. मी म्हटलं, अनुस्वार फुकट असेल तर देत नाही, ‘भाग’ आणि ‘भांग’ यांतला फरक पण तुम्हीच बघा. शेवटी जोडाक्षराला सात पैसे ठरले.

दुसरं भांडण मास्तरांशी. इंग्रजी फुग्यात दोन शब्द होते, मागे बघ एवढ्याच अर्थाचे. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘अरे मित्रा, सावध राहा, तुझ्या पाठीमागे शत्रू दबा धरून बसलेला आहे!’ एवढं बोलून होईपर्यंत शत्रू चहा पिऊन परत येईल. आणि फुगा तर लिंबाएवढा. मी ‘मागे!’ लिहिलं आणि मोकळा झालो. मास्तर रागावले, म्हणाले भाषेचं सौंदर्य गेलं. मी म्हटलं, मास्तर, माणूस वाचला.

पण खरी अडचण मास्तरांची नव्हती, आपल्या लिपीची होती. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुतेक सगळं लिखाण कॅपिटल अक्षरांत असतं. सगळी एका उंचीची, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखी. आपलं अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, तळघरात उकार. इंग्रजीच्या चार ओळी मावतात तिथे आपल्या अडीच. दाबून बसवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला शिंगं मारतो. तळहाताएवढ्या फुग्यात हे बसवून बघा, म्हणजे कळेल मराठी माणूस तोंडावर फटकळ आणि कागदावर अघळपघळ का असतो.

तर शेवटच्या पानाला पहाटेचे तीन वाजले. त्या चौकटीत तिघं होते. नायक, खलनायक आणि खलनायकाचा घोडा. इंग्रजी पुसताना फुग्याची शेपटीही पुसली गेली होती, ती मी पेंगत पेंगत पुन्हा काढली आणि तिचं टोक गेलं घोड्याच्या तोंडाला. तसंच छापलं. घोडा नायकाकडे बघून शांतपणे म्हणतो आहे, ‘तुझ्या बापाला मीच मारलं.’

अंक बसस्टँडवर विकला गेला आणि पोरांना वाटलं हीच गोष्ट आहे. मागची पानं चाळली तर घोडा पहिल्यापासून प्रत्येक चौकटीत आहे आणि गप्प आहे. संशय यावा इतका गप्प. एक पोरगं छापखान्यात विचारायला आलं, घोड्याचा पुढचा भाग कधी? छापखानेवाल्यांनी त्याला भजे खाऊ घातले आणि मला शिव्या दिल्या. माझं नाव अंकात कुठेच नव्हतं. पैसे अजून यायचे आहेत.

पण मला त्या रात्रीनं शिकवलं. चित्र तेच, वाक्य तेच, अर्धा इंच शेपटी सरकली आणि खुनी बदलला.

म्हणून परदेशातले मोठे कॉमिकवाले अक्षराला किती जपतात ते बघा. अमेरिकेचा विल आइस्नर, ज्याच्या १९७८च्या ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ या पुस्तकानं ‘ग्राफिक नॉव्हेल’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं, तो पुस्तकाचं नावच दगडात कोरल्यासारखं काढतो. देवाशी केलेला करार आहे, तो शाईत कसा लिहिणार? ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच कॉमिकमधले गॉथ लोक जुन्या जर्मन टोकदार अक्षरांत बोलतात. भाषा न येणाऱ्यालाही कळतं की हे दाणदाण पाय आपटत आलेले लोक आहेत. डेव्हिड माझुकेल्लीच्या २००९च्या ‘अस्टेरियॉस पॉलिप’मध्ये प्रत्येक पात्राचं अक्षर वेगळं आणि फुग्याचा आकारही वेगळा. शेपटी पुसली तरी कोण बोलतंय ते कळेल. ते पुस्तक हातात घेऊन मी पाच मिनिटं गप्प बसलो. हे १९८६ला कुणी सांगितलं असतं तर घोड्यावर आळ आला नसता.

आणि ‘माउस’. उंदरांच्या रूपातले ज्यू आणि मांजरांच्या रूपातले नाझी. आर्ट स्पिगलमननं आपल्या बापाची छळछावणीतली कहाणी सांगितली, १९९२ला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. हे तुम्हाला ठाऊक असेल. पेंटरच्या कामाची गोष्ट ही की कॉमिकवाले सहसा मोठ्या कागदावर काढतात आणि छापताना लहान करतात, म्हणजे रेघ सफाईदार दिसते. यानं छापायच्या मापातच काढलं, फाउंटन पेननं. हात कुठे थरथरला ते लपवलंच नाही. त्यामुळे पुस्तक छापील वाटत नाही, कुणाची तरी वही आपल्या हाती लागली असं वाटतं. ते पुस्तक काही ठिकाणी लोक मुलांच्या कपाटात ठेवतात, उंदीर आहे म्हणून! त्यावर मी वेगळं व्याख्यान देईन, बोलावलं तर.

आपल्याकडचं म्हणाल तर ‘भीमायन’, २०११. बाबासाहेबांची गोष्ट, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी चौकटीच नाकारल्या. माणसांना डब्यात कोंबायचं नाही. पानाचे भाग पाडायला त्यांच्या भिंतीवरची, अंगणातली दिग्ना नक्षी वापरली. आणि फुगे बघा. मायेचं बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात, विषारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या शेपटीत. अपमान करणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या वाक्याला नांगी! दीक्षाभूमीच्या गावात, गोंड राजांनी वसवलेल्या गावात हे पुस्तक घराघरात असायला पाहिजे होतं. किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. तीन. त्यातला एक माझ्या मुलीचा.

जपानचंही सांगायचं होतं. तिथे लिखाण उभं, वरून खाली, म्हणून फुगेही उंच आणि अरुंद. आडव्या लिपीत भाषांतर केलं की शब्द कंबरेत तुटतात. शिवाय त्यांच्याकडे शांततेलाही आवाज आहे. कुणी बोलत नसेल तर चित्रात ‘शीईन’ असं लिहितात. आपल्याकडे टपटप आहे, धाडकन आहे, सळसळ, खळ्ळकन, भसकन, सगळं आहे. कॉमिकसाठीच घडवल्यासारखी भाषा, आणि कॉमिकच नाही. जी थोडी भाषांतरं निघतात त्यांत कॉम्प्युटरचा एकच फॉन्ट. आजी, दरोडेखोर, मेलेला माणूस, सगळे एकाच आवाजात बोलतात, रेल्वे स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखे.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ खाली अधोरेखित करून ‘विषय!!’ लिहिलंय. बरं. नवी पुस्तकं भराभर सांगतो, टिपून घ्या.

इजिप्तच्या दीना मोहम्मदचं ‘शुबैक लुबैक’, इंग्रजीत २०२३. कैरोत इच्छा बाटलीत भरून विकत मिळतात. अव्वल दर्जाच्या महाग, आणि हलक्या दर्जाच्या डब्यातल्या, ज्या उलटतात. एका छोट्या टपरीवर तीन अव्वल इच्छा विकायला आहेत. टपरी म्हणजे थेट आपला पानठेला. अझीझा नावाची गरीब विधवा राबून एक विकत घेते, तर सरकारी कचेरी तिलाच आत टाकते, इच्छा आमच्या हवाली कर म्हणून. बाटलीतली इच्छा अरबी सुलेखनात काढली आहे, आणि इंग्रजी आवृत्तीही उजवीकडून डावीकडे वाचायची. लेखिकेनं भाषांतर स्वतःच केलं. या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं, आणि त्यालाच एक मिनिट मिळालं.

एमिल फेरिस, शिकागोची. चाळिशीत डास चावून वेस्ट नाईल ताप आला, उजवा हात लुळा पडला. हाताला पेन बांधून पुन्हा रेघ शिकली. बॉलपेननं, रेघी वहीच्या पानांवर काढल्यासारखं, पोरीच्या डायरीचं पुस्तक. ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’, पहिला भाग २०१७, दुसरा २०२४. पहिल्या भागाच्या प्रती घेऊन येणारं जहाज पनामाजवळ अडकलं, जहाज कंपनीचंच दिवाळं निघालं म्हणून! माझ्या छापखानेवाल्यांबद्दल मी आता काही बोलत नाही.

टेसा हल्सचं ‘फीडिंग घोस्ट्स’, २०२५चं आत्मचरित्राचं पुलित्झर. शांघायची पत्रकार आजी, आई, नात. तीन पिढ्यांची भीती. दाट काळ्या शाईतलं. केट बीटनचं ‘डक्स’, २०२२. शिक्षणाचं कर्ज फेडायला कॅनडात तेलवाळूच्या खाणींवर गेलेली एकटी मुलगी, चहूकडे पुरुष. नावातली बदकं म्हणजे २००८ साली खाणीच्या गाळाच्या तळ्यात उतरून मेली ती. खाणीवर कमावायला गेलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हे वाचाच. फ्रान्समध्ये २०२२ला सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक कोणतं? कादंबरी नाही, स्वयंपाकाचंही नाही. ऊर्जा आणि हवामानावरचं कॉमिक, जांकोविसी आणि ब्लॅं यांचं. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी रोज बघणाऱ्या लोकांसाठी असं कुणी तरी काढा.

फ्रान्सच्याच लुझचं पुस्तक. २०२५ला आंगुलेमच्या कॉमिक महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार. यात गोष्ट एका तैलचित्राची आहे आणि सगळं त्या चित्राच्या नजरेतून दिसतं. भिंतीवर टांगलेलं चित्र समोरची माणसं बघतं, नाझी बघतं. जो सॅकोचं ‘द वन्स अँड फ्यूचर रायट’, २०२५, मुझफ्फरनगरच्या २०१३च्या दंगलीवर. गर्दी काढायला त्याच्यासारखा कुणी नाही, आणि त्याच्या मजकुराच्या पट्ट्याही गर्दीत ढकलल्यासारख्या तिरप्या होतात. कोरियाच्या कुम सुक जेंड्री-किम यांचं ‘ग्रास’, जपानी लष्करानं नेलेल्या मुलींपैकी एका आजीची गोष्ट, ब्रशचे काळे फराटे. हे रात्री वाचू नका.

दुसरी चिठ्ठी. ‘पोहे.’

पुस्तकं टेबलावर मांडली आहेत, चाळा. पण तर्री ओतायच्या आधी चाळा किंवा हात धुऊन चाळा. ‘ग्रास’ काळंपांढरं आहे, त्यात तांबडं नको. आणि एक विनंती. त्या घोड्याच्या अंकाची माझ्याकडे एकही प्रत नाही. कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत सापडली तर ताईंकडे निरोप ठेवा. रद्दीच्या भावाच्या दुप्पट देईन. जोडाक्षरांचे वेगळे.