गिरगावची लादी, १०२४ पिक्सेलमध्ये

(वरून शॉट. ओला फडका लादीवरून फिरतो.)

पाणी लागल्याबरोबर रंग कसे उठून आले बघा. तांबडा, करडा, मोरपंखी, आणि मधे तो पिवळट पांढरा. गिरगावातल्या एका चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे ही, आणि ही लादी ८ इंच बाय ८ इंच, सिमेंटची. इतक्या वर्षांत पाट, पिंप, शिलाई मशीन, सगळं हिच्यावरून ओढलं गेलंय, तरी नक्षी टिकलीये, कारण रंग वरून लावलेला नाहीच, रंगाचा थरच काही मिलिमीटर जाड असतो.

अशी लादी बनवताना धातूच्या साच्यात कप्पे करतात, एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ गारा हाताने ओततात, कप्प्यांची जाळी अलगद उचलतात, मागून कोरडं सिमेंट आणि वाळू भरतात, प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. भट्टी कुठेच नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटन या इंग्लिश कारखान्याची लादी आहे ना, ती वेगळी, ती भाजलेल्या मातीची, इंग्लंडहून आलेली. सिमेंटच्या लादीचं तंत्र एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि स्पेनकडे वाढलं, आणि आपल्याकडे १९२२ साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स सुरू केली.

संग्रहालयातल्या लादीची काळजी घ्यायला माणसं आहेत. चाळीतल्या लादीचं रेकॉर्ड ठेवायला कोणी नाही, ते आपल्यालाच करायला लागणार आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही हेच या व्हिडिओत दाखवायचंय. लादीच्या फोटोवरून असं चित्र करायचं, की ते शेजारीशेजारी कितीही मांडलं तरी जोड खटकू नये. एक फोन, एक जुना लॅपटॉप आणि गिम्प. गिम्प म्हणजे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, १९९६ मध्ये लोकांसमोर आलेलं आणि आजही फुकट असलेलं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर.

(ताई स्टुलावर उभी, फोन खाली धरलेला.)

हे सगळं काम करणारी ताई स्टुलावर का चढलीये? फोन लादीच्या जवळ नेला की कडा बाहेर फुगतात, सरळ रेघ वाकडी दिसते. म्हणून लांबून, थोडा झूम करून. आणि उजेड बघा, डावीकडच्या खिडकीतून येतोय, म्हणजे लादीची एक बाजू उजळ आणि दुसरी काळपट. आत्ता डोळ्याला जाणवत नाही, पुढे खूप जाणवणार आहे.

(स्क्रीन.)

पहिलं काम म्हणजे फोटो सरळ करणं. गिम्पच्या पर्स्पेक्टिव्ह टूलमध्ये करेक्टिव्ह नावाचा पर्याय आहे, तो घेतला की जाळीचे चार कोपरे फोटोतल्या लादीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे आणि एंटर मारायचा, तिरकी लादी चौरस होते. मग कापून १०२४ बाय १०२४ पिक्सेल. आकडा सम ठेवायचा, म्हणजे पुढे चित्र बरोबर अर्धं सरकवायचं झालं तर अर्ध्या पिक्सेलचा प्रश्न येत नाही.

आता नक्षी नीट बघा. एका लादीत पूर्ण फूल नाहीच. कोपऱ्यात पाव फूल आहे. चार लाद्या फिरवून कोपऱ्याला कोपरा लावला की फूल पुरं होतं, म्हणजे नक्षी दर लादीला नाही, दर दोन लाद्यांनी रिपीट होते, १६ इंचांनी. आणि अजून एक. लादीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली तर दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या आहेत. म्हणजे अख्ख्या खोलीची नक्षी अर्ध्या लादीच्या त्रिकोणात बसलीये! साचा कोरणाऱ्याने काय डोकं लावलं असेल. अर्धी लादी झिजून गेली असली तरी चालतं, चांगला त्रिकोण तेवढा शोधायचा.

(त्रिकोण उलटतो, लादी होते. लादी फिरते, चार होतात.)

हे स्क्रीनवर होताना बघायला मला फार आवडतं. त्रिकोण उलटला, लादी झाली. लादी ९० अंशांत फिरवत चार मांडल्या, फूल झालं. कडा आपोआप जुळल्या, कुठे काही पुसायला लागलं नाही, कारण लादीची प्रत्येक कड शेजारच्या कडेचं प्रतिबिंबच आहे.

पण आता झूम आउट करा. दिसलं? ठरावीक अंतरावर काळे गोल डाग. हा तो खिडकीचा उजेड. काळपट कोपरा काळपट कोपऱ्यालाच जाऊन भिडतो, आणि खोलीभर डागांची रांग लागते. शिवाय मूळ लादीवर एक ओरखडा होता, तो आता जिथे तिथे आहे. डोळ्याला नक्षी रिपीट झालेली चालते पण ओरखडा रिपीट झालेला लगेच कळतो. उजेडाचं काम कर्व्ह्ज, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, आणि ग्रेडियंटचा मास्क, म्हणजे तो बदल एका बाजूकडून हळूहळू लागू करणारा पडदा, लावून होतं, काळपट बाजू हळूहळू वर आणायची. ओरखडा हील टूलने, म्हणजे चांगल्या जागेचा नमुना आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग बुजवणाऱ्या ब्रशने, जातो.

एवढं करून जे मिळतं ते साच्याचं चित्र, लादीचं नाही. साचा परत कापायचा असेल तर हेच पाहिजे, स्वच्छ आणि मोजून मापून. पण हाताने ओतलेला रंग थोडा कप्प्याबाहेर सरकतो, एक पाकळी जाड, एक बारीक, ते सगळं आरशाने मारून टाकलं. म्हणून ताई दुसरी फाइलही करते आणि माझ्या मते खरं काम तिथे आहे.

(चार खऱ्या लाद्यांचा फोटो. मधे सांधे दिसतात.)

शेजारशेजारच्या चार खऱ्या लाद्या, एकाच फोटोत, २०४८ बाय २०४८. कुठेही आरसा नाही. मधले सांधे खरे आहेत, तिथे काही करायचं नाही. भानगड बाहेरच्या कडांची आहे, उजवी कड परत डाव्या कडेला जाऊन भिडणार आणि या दोन लाद्या जमिनीवर कधी अशा शेजारी नव्हत्याच. इथे ऑफसेट, म्हणजे चित्र सरकवायचं, एका कडेने बाहेर गेलेलं समोरच्या कडेने आत येतं. लेयर मेनूत ट्रान्सफॉर्म, त्यात ऑफसेट, रॅप अराउंड चालू ठेवायचं आणि रुंदी-उंचीच्या अर्ध्याचं बटण दाबायचं.

(चित्र सरकतं.)

मधे होतं ते कडेला गेलं आणि कडा येऊन मधे उभ्या राहिल्या, अधिक चिन्हासारख्या. आता कडा म्हणजे फोटोत खरंच शेजारी असलेले भाग, तिथे चिंता नाही. दुरुस्ती करायची ती या मधल्या अधिकावर, आणि अगदी कडेला ब्रश न्यायचा नाही, नाहीतर केलेलं बिघडतं.

ताईचा हात बघा इथे. सपाट रंगावर हील, पण जिथे तांबडा आणि करडा भिडतात तिथे हील दोन्ही रंग कालवून चिखल करतं, तिथे क्लोन घ्यायचं, कंट्रोल दाबून दुसऱ्या चांगल्या सांध्यावरून नमुना उचलायचा आणि त्याच रेषेत टेकवायचा. सांधा पुसायचा नाही, सांधा हा लादीचाच भाग आहे. गिम्पमध्ये टाइल सीमलेस नावाचा आयता फिल्टरही आहे, वाळू किंवा गवताच्या फोटोला तो बरा, पण नक्षीवर लावला की फुलावर दुसऱ्या फुलाचं भूत दिसतं, तो इथे लावू नका. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर डब्ल्यू दाबा, चित्र चारही बाजूंनी रिपीट होताना दिसतं आणि तिथेच रंगवता येतं. फोटोशॉपमध्येही ऑफसेट आहे, फिल्टर मेनूत, अदरखाली.

मग तपासायला मॅप फिल्टर्समधला टाइल, पाच बाय पाच, आणि लांबून बघायचं. काम चालू असताना फाइल एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात ठेवायची, शेवटी पीएनजी. जेपेग नको, ते चित्र छोट्या चौकोनांत दाबतं, समोरच्या कडेचा त्याला पत्ता नसतो, कडेचे रंग किंचित हलतात.

(जिना. सामानाचा टेम्पो. आजी उंबऱ्यात.)

चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, खोल्या रिकाम्या होतायत, लाद्या डेब्रिसमध्ये जाणार.

(परत स्क्रीन. बॉर्डरची लादी.)

ही बॉर्डर. हिची फाइल वेगळी करायला लागते कारण ती एकाच दिशेला रिपीट होते, वर-खाली ऑफसेट शून्य ठेवायचा आणि फक्त आडवा अर्धा सरकवायचा. आणि कोपऱ्याची लादी रिपीट होतच नाही, ती एकटी, खोलीत चारच. लोक मधली नक्षी तेवढी टिपतात आणि ही दोन सोडून देतात, मग पुढे कोणाला तशी जमीन परत घालायची म्हटली तर कोपरा वळवायचा कसा ते कोणाला सांगता येत नाही.

तुमच्या घरात, मामाच्या घरात, गावच्या वाड्यात अशी लादी असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसा, शेजारच्या चार लाद्या एका फोटोत घ्या, बाजूला मोजपट्टी आणि एक पांढरा कागद ठेवा म्हणजे माप आणि रंग दोन्ही कळतील, आणि मग बॉर्डर, मग कोपरा.