रात्री बांधलेली मटकी

(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. साडेदहाची वेळ दिलीत, म्हणजे समोर बसलेला प्रत्येक जण काहीतरी खाऊन आलेला आहे. काय खाल्लंत ते आधी विचारते. पोहे खाल्लेल्यांनी हात वर करा. बापरे, अर्धं सभागृह. उपीट? बरं. आणि नुसता चहा-बिस्किट? मागच्या दोन रांगांत हात खांद्यापर्यंतच आले, पण मला दिसले. आज संकष्टी आहे, तेव्हा साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेल्यांना मी आत्ता हात वर करायला सांगत नाही. त्यांच्याकडे शेवटी येते.

फलकावर विषय लिहिलाय, ‘मधुमेहींसाठी सात दिवसांचे सात नाश्ते’. सातही सांगणार आहे. पण आहारतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षं काम करताना एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ती आधी सांगते, म्हणजे सात नाश्ते आपोआप समजतील.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चिपळूणला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पहाटे पाचला उठायचे, सातला बशीभर पोहे, वर ओलं खोबरं, आणि चहा. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी साखर निघाली. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दाखवलं. तिथे त्यांना एक कागद मिळाला, छापील, इंग्रजीत, वर प्लास्टिकचं आवरण. सकाळच्या रकान्यात होतं: ओट्स किंवा कॉर्नफ्लेक्स, साय काढलेलं दूध, ब्राऊन ब्रेडचे दोन काप, अंड्याचा पांढरा भाग, एक सफरचंद. खाली ठळक अक्षरांत ‘हे टाळा’, आणि त्यात पहिलं नाव पोह्यांचं.

आई मराठी सातवी शिकलेली. तिने मला विचारलं, “ओट्स म्हणजे काय गं?” मी म्हटलं, सातूसारखं धान्य असतं. तेव्हा चिपळूणच्या आमच्या वाण्याकडे ते मिळत नव्हतं, म्हणून मुंबईहून भाऊ डबे आणायचा. आई ते पेजेसारखं शिजवायची, मीठ घालून, आणि अण्णा लिंबाच्या लोणच्याबरोबर गिळायचे. गिळायचे हाच शब्द बरोबर आहे. आजारी माणसाला पेज देतात, तसं रोज सकाळी घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं. चार महिने त्यांनी पोह्याला बोट लावलं नाही. ओट्स नकोसे झाले की कॉर्नफ्लेक्स खायचे, कागदात होते ना. दहाला भूक लागली की ब्राऊन ब्रेड. तोही कागदात होता. चार महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली. आधी ८.६ होती, ती ८.९ झाली. डॉक्टर म्हणाले, “काका, तुम्ही पथ्य पाळत नाही.”

मंडळी, तो शब्द त्या माणसाला फार लागला. पस्तीस वर्षांत ज्यांच्या नोंदवहीत पाच मिनिटांची चूक नव्हती, त्यांना कोणीतरी लबाड म्हणत होतं. कॉर्नफ्लेक्स रक्तात साखर किती झपाट्याने चढवतात, किंवा बाजारातल्या पुष्कळशा ब्राऊन ब्रेडमध्ये मैदाच असतो, हे त्या कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांनी कागद पाळला होता, अक्षर न् अक्षर.

मग गोळी वाढली. आणि एके दिवशी सकाळी वाडगा समोर आला तसा अण्णांनी तो सारला, गोळी घेतली आणि पेन्शनच्या कामाला पोस्टात गेले. रांगेत उभे असताना दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांसमोर अंधारी. लोकांना वाटलं हृदयाचा झटका. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याच्या स्वतःच्या घरी मधुमेह होता. त्याने अण्णांना बाकावर बसवलं, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत अण्णांना घरचा पत्ता नीट सांगता आला. म्हणून माझं पहिलं सांगणं लिहून घ्या. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन, हे घेऊन नाश्ता चुकवायचा नाही. बाहेर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवायची. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर पथ्य बाजूला ठेवून ती साखर खायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि नंतर काहीतरी पोटात घालायचं.

त्या संध्याकाळी आईने फ्रिजवरचा कागद काढला. म्हणाली, “ह्यात आपल्या घरातलं एकसुद्धा नाव नाही.” भावाला सांगून घरात साखर तपासायचं मीटर आणवलं. आणि मग तिने जे केलं ते मी महाविद्यालयात शिकले नव्हते. भिंतीवर कालनिर्णय होतं. दूधवाल्याचे खाडे लिहायच्या त्याच चौकोनात ती पेन्सिलीने दर रविवारी आणि गुरुवारी दोन गोष्टी लिहायला लागली: सकाळी काय खाल्लं, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी आकडा किती. अजून ते कॅलेंडर माझ्याकडे आहे. ‘पोहे १ बशी – २५२.’ ‘उपीट – २३८.’ ‘भाकरी १, पिठलं, कांदा – १८१.’ ‘साबुदाणा – २९४’, त्याच्याखाली दोन रेघा. आणि श्रावणातल्या एका रविवारी, ‘मटकी उसळ वाटीभर, मग पोहे अर्धी बशी – १६८’.

१६८! तेच पोहे, तीच कढई, तोच माणूस. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत ठेवा, असं बहुतेकांना सांगितलं जातं. अण्णांचा तो पहिल्यांदा आत आला. आई धावत शेजारी सांगून आली.

अण्णांच्या अंगाला जे मानवलं ते तुमच्या अंगाला तसंच मानवेल असं नाही, म्हणून तर मीटर लागतं. पण आईने जे टिपलं त्याला शास्त्राचा आधार आहे. सकाळच्या वेळी कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढलेली असतात, यकृत साखर सोडत असतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. त्यामुळे मधुमेही माणसाला तेच पीठ, तोच भात रात्रीपेक्षा सकाळी जास्त भोवू शकतो. आणि आपण नेमके सकाळीच पोहे, रवा, पाव, बिस्किटं खातो. पोहे म्हणजे टरफलासकट भात भिजवून, भाजून, चेपून आधीच अर्धा पचवून ठेवलेला तांदूळ. कडधान्याचं तसं नाही. त्याच्या दाण्यात पिष्ट तंतूंच्या भिंतीत कोंडलेलं असतं, जोडीला प्रथिनं. सुक्या मटकीत शंभर ग्रॅमला तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं, पोह्यांत जेमतेम सहा-सात. उसळ आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं आणि मागून आलेल्या पोह्यांना रांगेत थांबावं लागतं. अण्णांना ही रांग लगेच पटली, एसटीचा माणूस!

इन्सुलिन जिथे सापडलं त्या टोरांटो शहरातच १९८१ साली डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी कोणता पदार्थ साखर किती वेगाने चढवतो याची पहिली क्रमवारी मांडली. तुम्ही ग्लायसेमिक इंडेक्स म्हणता तीच. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की सकाळी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. म्हणजे सकाळची उसळ दुपारीही राबते. आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अकरा मधुमेहींना तेच जेवण दोन वेगळ्या क्रमांनी दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी, असं खाल्लं तेव्हा साखर पुष्कळ कमी चढली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हो का? बरं झालं त्यांनाही कळलं.”

तर माझं म्हणणं एवढंच आहे. मधुमेह्याचा नाश्ता रात्री नऊ वाजता ठरतो. सकाळी सात वाजता ओट्यापाशी उभं राहून ‘काय करू’ म्हटलं की हात पोह्यांच्या नाहीतर रव्याच्या डब्यात जातो, कारण तेच दहा मिनिटांत होतं. मटकी आधी भिजवावी लागते. सकाळी पाण्यात टाका, रात्री निथळून स्वच्छ पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधा, चाळणीत ठेवून वर झाकण. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली की तो ओला, हिरवट वास येतो आणि नखाएवढे मोड फडक्यातून बाहेर डोकावत असतात. थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो. आठवड्यातून दोनदा हे केलं की फ्रिजमध्ये डबा तयार.

चिठ्ठी आली. अध्यक्ष म्हणतात आठ मिनिटं उरलीत. आणि सात नाश्ते अजून पोतडीतच आहेत. ठीक आहे, भराभर सांगते, लिहून घ्या.

सोमवारी मटकीची उसळ वाटीभर आणि त्यातच मूठभर पोहे. पोह्यांत मटकी भुरभुरायची नाही, मटकीत पोहे. मंगळवारी हिरव्या मुगाची धिरडी: मूग रात्री भिजवा, सकाळी आलं-मिरची-जिऱ्याबरोबर वाटा, आंबवायची गरज नाही. दोन धिरडी, बरोबर दही. बुधवारी थालीपीठ, पण भाजणी घरची. तिच्यात डाळींचं माप धान्याच्या निम्मं तरी ठेवा, पिठात दुधी किंवा मेथी किसून-चिरून भरपूर. एकच थालीपीठ, लोणी सुपारीएवढं. गुरुवारी ज्वारीची भाकरी आणि पिठलं. शेतावर हीच न्याहारी होती, ती आपण शहरात येऊन रात्रीवर ढकलली. शुक्रवारी दोन अंड्यांचं कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट आणि एक पोळी. न खाणाऱ्यांनी पनीरची भुर्जी. शनिवारी चवळीची किंवा हरभऱ्याची उसळ, वर काकडीची कोशिंबीर. रविवारी मिसळ! हो, मिसळ. तर्रीचं तेल बेताचं, फरसाण चिमूटभर, पाव अर्धा, आणि उसळ मात्र वाडगाभर.

गोव्याहून इथे आलेल्या दोघीतिघी दिसताहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाजही त्याच पाहणीतून निघाला. तुमची पातळभाजी उत्तम आहे, तिच्यात चवळी असते, वाटाणा असतो. पावांची संख्या तेवढी एकावर आणा.

नाचणीबद्दल नेहमी विचारतात. नाचणी चांगली, कॅल्शियमसाठी तर फारच. पण गाळलेलं नाचणी सत्त्व पातळ करून प्यायलं तर ते साखर भरभर चढवतं. नाचणीची भाकरी खा. गूळ आणि साखर यांत मधुमेह्यासाठी निवड करण्यासारखं काही नाही, दोन्हीला रक्तात एकच वाट. फळाचा रस नको, फळ चावून खा. चहा बिनसाखरेचा घेता हे छान, पण बरोबरच्या एकेका मारी बिस्किटात चारएक ग्रॅम कर्बोदकं आहेत. सहा बिस्किटांचा हिशेब करा आणि उद्यापासून चहाबरोबर भाजलेले फुटाणे घ्या.

आता संकष्टीवाले. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचं निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळजवळ शून्य. कॅलेंडरवरच्या त्या दोन रेघा आठवा. उपास मोडायला मी सांगणार नाही, माझ्या आईने एकही चतुर्थी सोडली नाही. पण ताटात शेंगदाण्याची आमटी आणि दही आधी, भोपळ्याचं भरीत, राजगिऱ्याची एखादी पोळी असं ठेवा आणि खिचडी दोन चमचे, शेवटी. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे.

तसंच हेही. पोहे निम्मे केले, उसळ वाढवली, तर साखर खरोखर उतरते आणि मग तोच जुना डोस जास्त होऊ शकतो. महिनाभराचे आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या, डोस त्यांना ठरवू द्या, स्वतः गोळी कमी करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळी आणि कडधान्यं किती खायची हे आधी विचारून घ्या.

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. मागच्या टेबलावर दोन पातेल्यांत मटकीची उसळ आहे, काल सकाळी भिजवलेली, काल रात्री बांधलेली. गोडा मसाला आहे, तिखट नाही. शेजारी माझी विद्यार्थिनी मीटर घेऊन बसली आहे. साडेआठला पोहे खाल्ले असतील त्यांचे आता दोन तास उलटून गेलेत, त्यांनी आधी साबणाने हात धुऊन, पुसून तिच्याकडे जावं, बोटाच्या कडेला टोचून घ्यावं आणि आकडा घरी जाऊन कॅलेंडरच्या चौकोनात लिहावा. उसळ त्यानंतर. संकष्टीवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळ्या डब्यात शेंगदाण्याची आमटी आणली आहे.