पाठीकडे जाणारी नाव

मंडळी, इथे बसलेल्या बऱ्याच पोरांना डोंगा चालवता येतो. पाणी उथळ असलं की बांबूनं रेटायचा, खोल लागलं की वल्हं घ्यायचं. तोंड पुढे आणि जोर खांद्यात. ही सवय आपल्या वैनगंगेवर कामाची आहे. पण उद्या शिकायला पुण्याला गेलात आणि तिथल्या बोट क्लबात रोइंग, म्हणजे शर्यतीची नाव वल्हवणं, सुरू केलंत, तर पहिल्या आठवड्यात हीच सवय आडवी येते. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा, बोट क्लब आहे, १९२८ पासूनचा. खाली बंड गार्डनचा बंधारा असल्यामुळे तिथे पाणी अडून राहतं आणि नदी एरवी तळ्यासारखी संथ असते. पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं की नाव काढायचीच नाही. शहराची नदी आहे, पाणी स्वच्छ नाही. हाताला फोड किंवा जखम असेल तर पट्टी लावून उतरायचं आणि वर आल्यावर साबणानं हात धुवायचे. जलपर्णीही असते. नावेच्या बुडाला एक छोटा पंख असतो, त्यात ती अडकली की नाव एकदम जड लागते. तेव्हा जोर वाढवू नका. थांबा, दोन-चार वल्ही उलटी मारा, ती सुटते.

आता नाव. शिकायला बहुधा चौघांची नाव मिळते, सोबत सुकाणू धरणारा कॉक्स. लांबी सुमारे १३ मीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान वजन ५१ किलो. कवच इतकं पातळ असतं, की तळावर पाय दिला तर भगदाड पडेल. बैठकीच्या रुळांमध्ये पाय ठेवायची पट्टी असते, फक्त तिथेच पाय. वल्हं पावणेचार मीटरच्या आसपास असतं आणि ते नावेच्या बाहेर काढलेल्या धातूच्या चौकटीवरच्या, म्हणजे रिगरवरच्या, फिरत्या कड्यात, म्हणजे गेटमध्ये, बसतं. गेटचा स्क्रू लावला की नाही हे काठ सोडण्याआधी प्रत्येकानं आपलं आपण बघायचं. दुसऱ्यावर सोडायचं नाही.

बसायचं तोंड मागे करून. नाव तुमच्या पाठीकडे जाते. हे विचित्र वाटेल, पण रोवणी आठवा. बांधीत बाया ओळीनं मागे मागे सरकत धान रोवतात, नजर समोरच्या चिखलात, आणि सगळ्यांची लय एक. एकीनं घाई केली तर ओळ मोडते. इथेही तसंच. समोर दिसतं ते फक्त पुढच्याचं पाठाड. त्याची पाठ हलली की आपली हलवायची. पुढचं पाणी बघणं हे कॉक्सचं काम. मान वळवून बघितलं की नाव कलते.

जोर येतो पायांतून. बैठक चाकांवर सरकते, ती त्यासाठीच. क्रम असा: पातं पाण्यात, आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे, शेवटी हात पोटापाशी. परत जाताना बरोबर उलट: हात, पाठ, मग गुडघे. डोंग्याची सवय असलेला पोरगा आधी हात ओढतो, आणि दहा मिनिटांत त्याचे हात भरून येतात. म्हणून सुरुवातीला दोघांनी वल्हवायचं आणि दोघांनी पाती पाण्यावर आडवी टेकवून तोल धरायचा. आधी नुसते हात, मग हात-पाठ, मग अर्धी बैठक, मग पूर्ण. यात घाई करणारा पुढे महिनाभर तेच दुरुस्त करत बसतो.

बैठकीचा परतीचा प्रवास सावकाश करायचा, रेटायला जेवढा वेळ लागला त्याच्या साधारण दुप्पट. कारण साधं आहे. नाव ५१ किलोची, आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी चार माणसं मिळून अडीचशे-तीनशे किलोची. ती सगळी धाडकन येऊन थांबली, की नाव तेवढीच मागे ढकलली जाते. बुडाखाली हिसका बसतो, तो कळतो. चौघं जुळले की गेटचा आवाज एकच येतो, टक्. चार वेगळे टक् टक् आले, की कॉक्सनं जोर कमी करायला सांगावं. ही ओळख मला घड्याळातल्या वेळेपेक्षा खरी वाटते.

सगळ्यांना भिववणारी चूक म्हणजे ‘क्रॅब’. पातं पाण्यात असताना अर्धवट आडवं झालं, तर ते खाली ओढलं जातं आणि दांडा छातीवर येतो. मूठ आवळलेली, मनगट घाईत वळलेलं, म्हणून होतं. दांडा बोटांनी धरायचा, पातं आतल्या, म्हणजे रिगरकडच्या, हातानं वळवायचं, बाहेरच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाकडच्या, हातानं उंची सांभाळायची. पातं उभं असेपर्यंतच बाहेर काढायचं, मग आडवं. तरीही अडकलं तर झुंजू नका, दांडा डोक्यावरून जाऊ द्या. कॉक्स ‘ईझी ऑल’ म्हणतो, सगळे थांबतात.

नदीकाठी जन्मलं तरच हे जमतं असं नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण मिळवलं.

आणि उलटलात तर? बूट नावेला पक्के असतात, पण टाचेला आखूड दोरी असते. टाच थोडीच उठते आणि पाय बुटातून निसटतो. बसण्याआधी ती दोरी ओढून बघा. तुम्ही पोहणारे, तुम्हाला वाटेल काठ जवळ आहे, जाऊ पोहत. जायचं नाही. पालथी नावही तरंगते आणि तुम्हाला पेलते. तिला धरून आधी आपापले बैठकीचे नंबर मोठ्यानं पुकारायचे, म्हणजे चौघं आणि कॉक्स आहेत हे कळतं. मग सुरक्षा बोट येईपर्यंत तिथेच राहायचं.